मोटारीची थंडाई

शेंदूरजनाघाट,
२ एप्रिल १९६२

महादेवराव,

चंद्रभानचा राम राम. तुमची बहीण बरी हाय, संत्र्याचा बगीचा बरा हाय, आन् बातमी अशी हाय का मी मोटार घेतली.

हसू नका. अमरावतीच्या एका साहेबाची बदली झाली, त्यानं इकली. साहेब आदी शिमल्याले होता, मोटार तिकडूनच आणलेली. काळी हाय, चार दारं हाय, आन् भोंगा असा का पयल्याच दिवशी शेजाऱ्याची बैलजोडी कासरा तोडून पळाली. आमच्या घाटात आतापर्यंत ट्रक पाह्यले, जीप पाह्यली, पण खास घरची मोटार मीच आणली. लोक सकाळी दूध घ्याले जातात तवा वाट वाकडी करून तिले पाहून जातात.

घेतली ते खास तुमच्या बहिणीसाठी. माहेर अकोल्याले, आन् बसमंदी तिले भोवळ येते. दर खेपेले बिचारी लिंबू हुंगत येते आन् लिंबू हुंगत जाते. म्हणलं आता राणीवानी नेतो. ती म्हणे, "पयले वरूडपर्यंत तर न्या." बायकांचं बोलणं.

आता एक इचारायचं हाय. माह्यासाठी नाई. वरूडले माहा एक दोस्त हाय, त्याच्यापाशीबी मोटार हाय. घरून निघते तवा ती गाईवानी शांत असते. चार कोस गेली का नाकातून वाफ सोडते, पोटात खदखद खदखद होते, आन् समोरचं टोपण उघडलं का दोन पुरुष कारंजं उडते. दोस्तानं उघडलं तवा त्याचा उजवा हात पोळला. असं काहून होते? तुमी जठारपेठेत राहता, घरासमोर ग्यारेज हाय, वकिलाच्या कचेरीत हेडक्लार्क हाय. तुमाले माईत असन.

अक्षर वाकडं हाय ते समजून घ्या. डाव्या हातानं लिहून राहिलो.

चंद्रभान

•

जठारपेठ, अकोला,
७ एप्रिल १९६२

तीर्थस्वरूप भाऊजींस महादेवचा नमस्कार.

आपण मोटार घेतल्याचे वाचून येथे सर्वांस आनंद झाला. आपल्या मित्राच्या हातास लवकर आराम पडो.

सदर प्रश्नावर मी समोरच्या ग्यारेजातील मिस्त्रीशी सविस्तर चर्चा केली. ती साध्या भाषेत मांडतो. इंजिनाच्या पोटात पेट्रोल जळते. चूल पेटली की तवा तापणारच. तो तवा वितळू नये म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. पाणी आतील उष्णता घेऊन पुढच्या जाळीत येते, तेथे पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा आत जाते. पाणी कमी झाले किंवा जाळी तुंबली की ते निवत नाही, उकळते. तापलेले टोपण कधीही उघडू नये. हे मित्रास कळविण्यास उशीर झालेला दिसतो.

दुसरे असे की सुज्ञ लोक नुसत्या विहिरीच्या पाण्यावर मोटार चालवीत नाहीत. त्या पाण्याने आत पांढरा थर धरतो, गंज चढतो. विलायतेत पाण्यात एक द्रव्य मिसळतात. त्यास इंग्रजीत कूलंट म्हणतात. मराठीत त्यास शब्द नाही, ही शरमेची गोष्ट आहे. मी बराच विचार करून एक शब्द बसविला आहे : थंडाई. तेव्हा मित्रास सांगावे, पाणी अर्धे आणि थंडाई अर्धी. मोटार कधी तापणार नाही.

आपल्या मोटारीत मागे किती माणसे बसतात? पुढच्या भागावर फुलांचे हार बांधता येतात काय? सहज विचारले.

आपला,
महादेव

•

शेंदूरजनाघाट,
१२ एप्रिल १९६२

महादेवराव,

थंडाई पाजली.

पयले सांगून टाकतो, वरूडचा दोस्त नाई. थो मीच. हात आता बरा हाय.

तुमचं पत्र मी तुमच्या बहिणीले वाचून दाखवलं. ती म्हणे, "मोटारीले थंडाई कायले?" मी म्हणलं, तुह्याच भावानं लिहिलं हाय, अकोल्याचा शिकलेला माणूस हाय.  तिनं बदाम भिजू घातले, खसखस, बडीशेप, टरबुजाच्या बिया, मिरे, गुलाबाच्या पाकळ्या, सारं पाट्यावर वाटलं. वाटता वाटता हात दुखले तिचे. फडक्यातून गाळून देली. मले वाटलं, एवढा बदामाचा चोथा वाया काहून घालवा? तोबी वरून टाकला. साखर तिनं घातली नव्हती, ते मी घातली. बिनसाखरेची थंडाई कोण पेते?

काय वास सुटला महादेवराव! मोटार चालली का मागं देवळावानी सुगंध. तुमची बहीण नवं लुगडं नेसून बाजूले बसली होती. मी म्हणलं, पाहा, राणी.

वरूडच्या बाजारात पोचलो तवा वाफ निघाली. म्हणलं, निघू द्या, थंडाईची वाफ हाय. तेवढ्यात नत्थुजी आले. आपले संत्र्याचे व्यापारी, तुमी पाह्यले हाय. कडक इस्तरीचं धोतर, पांढरी टोपी. दुरूनच म्हणाले, "चंद्रभान, कायचा वास येऊन राहिला? इंजिनात बासुंदी आटवून राहिला काय?" पाहाले वाकले, आन् टोपण उडालं.

पोळले नाई बाप्पा. बरेच दूर होते, त्यांच्यापर्यंत येईस्तोर ती कोमट झाली होती. पण टोपीपासून जोड्यापर्यंत थंडाई! मिशीत बदामाचा चोथा. बाजारातले कुत्रे त्यांच्यामागं लागले. एका म्हातारीनं मोटारीवर बोट फिरवून चाखलं आन् म्हणे, "मिरे जास्त झाले."

तुमची बहीण खाली उतरली.  गावाकडे एक बैलगाडी चालली होती, तिच्यात चढून बसली आन् गेली. तवापासून माह्याशी बोलत नाई. जेवाले वाढते, पण ताट असं ठेवते का वरण उडते. मोटारीत मुंग्यायची रांग लागली हाय. नत्थुजीबी बोलत नाई.

तुमचा थो मिस्त्री कोण हाय? मले त्याले भेटायचं हाय.

चंद्रभान

•

अकोला,
१७ एप्रिल १९६२

भाऊजी, अहो काय केलंत हे!

थंडाई हा मी घडविलेला शब्द होता. पिण्याची थंडाई नव्हे! मिस्त्रीला सांगितलं तर तो मोटारीखाली जाऊन हसला, बाहेर यायलाच तयार नव्हता.

आता मलाही एक कबूल केलं पाहिजे. माझ्या शालूचं लग्न ठरलं हे आपणांस कळविलंच आहे. मुलगा पुंजाराम, अमरावतीस शाळेत मास्तर. त्याचे वडील किसनराव बैठकीत सहज म्हणाले, आमच्याकडची वरात घोड्यावरून निघते. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे नवरदेव मोटारीत बसतो, माझ्या मेहुण्यांची मोटार आहे. त्या वेळी आपण ती घेणार असल्याचं नुसतं कानावर आलं होतं. आता पत्रिकेतही छापून झालंय. २४ मे, गोरज मुहूर्त. मोटार उकळली तर माझी अब्रू तिच्याबरोबर उकळेल.

म्हणून नीट करा. आधी जाळीतलं सगळं काढून टाका, धुण्याचा सोडा पाण्यात घालून दोनचारदा आत फिरवा, खसखस निघेस्तोवर. खऱ्या मालाचा एक डबा मिस्त्रीमार्फत मुंबईहून मागवला आहे, आला की बसने पाठवतो. त्यावर इंग्रजीत 'अँटी-फ्रीज' असं लिहिलेलं असेल, म्हणजे न गोठू देणारं. घाबरू नका. मिस्त्री म्हणतो, जे पाण्याला गोठू देत नाही, तेच त्याला लवकर उकळूही देत नाही, आणि गंजूही देत नाही.

आणखी त्यानं एक युक्ती सांगितली. थंड मुलखातल्या मोटारीत बसणाऱ्यांच्या पायाशी गरम हवेची एक पेटी असते. कधी उष्णता दाखविणारी सुई लाल खुणेकडे गेलीच, तर ती पेटी चालू करावी. इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन निवतं.

ताईला समजावा.

महादेव

•

पोस्टकार्ड
शेंदूरजनाघाट, २ मे १९६२

महादेवराव, डबा पोचला. बसच्या टपावरून आला, वरचा कागद फाटून अर्धा उडून गेला, पण माल शाबूत. आपल्याकडे मे मयन्यात माणूस शिजून राहिला आन् तुमी न गोठण्याची दवा पाठवली, हे पाहून गाव हसलं. रंग मस्त हिरवा. बोट बुडवून चाखलं, गोड हाय. मले तर खसाचं सरबत वाटते. डबा मोठा हाय, सारा मोटारीले पाजाले जीव होत नाई. आखाजीच्या सणाले नत्थुजीले बोलावलं हाय, रुसवा काढाले. त्यायले एक पेला देतो. माणसाची थंडाई मोटारीले मानवली नाई हे खरं, पण मोटारीची माणसाले मानवनच. विलायती हाय. — चंद्रभान

•

तार
अकोला, ५ मे

वह थंडाई मत पीना. जहर है. सिर्फ मोटर को पिलाना. महादेव.

•

शेंदूरजनाघाट,
८ मे १९६२

महादेवा,

ताईचा आशीर्वाद, आन् बाकी जे लिहिते ते बसून वाच.

आखाजीच्या दिवशी नत्थुजी आले. पुरणपोळी झाली, आमरस झाला, तरी त्यायचं तोंड फुगलेलंच. तुह्या भाऊजीनं मले न सांगता दोन पेल्यात ते हिरवं वतलं, वरून माठाचं पाणी टाकलं, आन् ओसरीवर नेऊन ठेवलं. मी ताटं उचलाले गेली. एका पेल्यातलं जरासं खाली सांडलं होतं. पुसाले बोट लावलं तर बोट घसरलं.

सरबत कवा घसरते काय रे? सरबत चिकटते. जन्मभर पाहुण्यायले सरबत करून देलं मी. हे हाताले तेलावानी लागे.

मी नत्थुजीच्या हातातला पेला काढून घेतला. ते म्हणाले, "पार्वताबाई, पाहुण्याचा पेला हिसकायची रीत कवापासून निघाली?"

मी म्हणलं, "हे सरबत नव्हे. बोट लावून पाहा."

तुहे भाऊजी म्हणाले, "विलायती हाय. तुले काय समजते?" आन् आपला पेला तोंडाले लावाले लागले. मयनाभर मी त्यायच्याशी बोलली नव्हती. त्या वक्ताले बोलत बसाले येळबी नव्हता. हाणला हात. पेला आंगणात गेला.

 तेवढ्यात तारवाला आला. तार हिंदीत, यायचा चष्मा सापडे ना, म्हणून नत्थुजीनंच घेतली आन् मोठ्यानं वाचाले लागले. "वह थंडाई मत पीना" इथपर्यंत आवाज खणखणीत. "जहर" म्हणले आन् दोन्ही हात धोतराले पुसाले लागले. बसले खाली. म्हणाले, "चंद्रभान, पयले मले न्हाऊ घातलं. आता तेरवीच मांडली व्हय?"

मंग स्वतः विहिरीवर गेले, स्वतः पाणी शेंदलं, आन् स्वतःच्या ओंजळीनं पेले. तठीच त्यायले हसू आलं. असं आलं का काठ धरून बसले. तुहे भाऊजी रडत होते का हसत होते मले समजलं नाई. रुसवा गेला, हे खरं.

यायनं आदी बोट चाटलं होतं म्हणून वरूडच्या डाक्टरपाशी नेलं. काई झालं नाई. डाक्टर म्हणे, बोटावर भागलं, पेल्यावर भागलं नसतं. दोन्ही पेले फोडून खोल पुरले, सांडलं तठची माती खरडून काढली, कोंबड्या दोन दिवस कोंडून ठेवल्या.

बाकीचा डबा मी माह्या हातानं मोटारीत वतला, अर्धा तो, अर्धं पाणी. वरूडपर्यंत जाऊन आलो. वाफ नाई, काई नाई. मी बसली होती बाजूले.

महादेवा, तू लहान होता तवापासून तुले "माईत नाई" म्हणता येत नाई. आता शिक. तुह्या एका शब्दापायी माह्या ओसरीवर दोन मयती झाल्या असत्या. लग्नाले येतो आमी, मोटारीनंच.

तुही ताई,
पार्वता

•

अकोला,
२९ मे १९६२

भाऊजी,

ताईचं पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यावर काही लिहिण्याची माझी लायकी नाही.

लग्न पार पडलं, पण एक गोष्ट माझा जीव खाते आहे. मी मांडवाच्या दाराशी आरती घेतलेल्या बायांसह उभा. वरात आली ती अशी : नवरदेव पायी, कोट खांद्यावर, टाय खिशात, बाशिंग मानेवर लोंबकळत, अंगातला शर्ट पिळून काढावा असा ओला. मागून मोटार, मागची सीट रिकामी. आणि व्याही किसनराव हसताहेत!

मी मुलीचा बाप, मला कोणी काही सांगत नाही. बँडवाले मला पाहिलं की तोंड फिरवतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता निघालात. मोटार उकळली का? थंडाईने दगा दिला का? खरं काय ते लिहा. मी ऐकायला तयार आहे.

महादेव

•

शेंदूरजनाघाट,
३ जून १९६२

महादेवराव,

मोटार उकळली नाई. हे पयले आयका. घाट ते मोर्शी, मोर्शी ते अमरावती, तठून मूर्तिजापूरवरून अकोला, भर उन्हात आलो, सुई जागची हालली नाई. तुमच्या बहिणीनं लिंबू आणलं होतं, ते तिनं न हुंगता भातावर पिळून खाल्लं.

झालं ते वरातीत. स्टेशनजवळच्या धर्मशाळेतून आमी निघालो तवा ऊन उतरलं नव्हतं. नवरदेव मागच्या सीटवर, आंगात लोकरीचा सूट. अमरावतीच्या शिंप्यानं शिवला म्हणे, थंडीच्या मापानं. तुमी सांगतलं होतं म्हणून पोट्ट्यायनं मोटारीले हार बांधले. चांगले बांधले! समोरची जाळी झाकून टाकली, खिडक्यायवरून दोऱ्या ओढल्या, मागची दोन्ही दारं आवळून टाकली. मोटारीपुढं बँड, बँडपुढं नाचणारे. ते पावलापावलानं चालत. मोटार जोरात चालली तर जाळीतून वारा जाते. अठी वारा कोठून येईन? फुलं आडवी, आन् वरात मुंगीच्या चालीनं.

अर्ध्या वाटेत सुई चढाले लागली. मी भोंगा वाजवला, बँडवाल्यायले वाटलं मी ताल देऊन राहिलो. ते आणखी रंगात आले. सुई लालीपाशी. मले तुमची अब्रू दिसली, पत्रिका दिसली, नत्थुजीची टोपी दिसली. तवा तुमची युक्ती आठवली. पायाशी हात घातला आन् गरम हवेची पेटी चालू केली.

महादेवराव, तुमचा मिस्त्री खोटा बोलत नाई. सुई अशी उतरली का पाहात राहावं. इंजिन निवत गेलं. मी खुशीत गाणं म्हणाले लागलो. माह्या पायाले चटके बसत होते, पण माह्याजवळची खिडकी उघडी होती, मी मुंडकं बाहेर काढून चालवत होतो. मागं कोण बसलं हाय, हे खरं सांगतो, माह्या ध्यानातच नाई राहिलं.

मागून आवाज आला. "थांबवा!" मी बँडचा समजलो. मंग अशी आरोळी आली का क्लॅरिओनेटवाल्याच्या तोंडून क्लॅरिओनेट सुटली.

"थांबवा! मी शिजून राहिलो!"

बँड बंद. नाचणारे जागच्या जागी. मोटारीतून दोन हात बाहेर आले, हार तुटले, आन् आमचा नवरदेव खिडकीतून निघाला. लाल झाला होता, डोक्यावरून वाफ निघत होती. तुमाले खोटं वाटन, पण मोटारीतून निघाली नाई तेवढी वाफ त्याच्यातून निघाली. तुमची बहीण वरातीत मागून चालत होती, तिनं तांब्याभर पाणी देलं. अर्धं पेला, अर्धं डोक्यावर वतलं. कोट काढला. माह्याकडे आला. मले वाटलं, आता थापड. थो म्हणे, "मामाजी, इंजिन बरं हाय ना?" मी म्हणलं, "बरं हाय." म्हणे, "मंग ते एकटंच येऊ द्या," आन् बँडपुढं चालाले लागला. दोन पावलं नाचलाबी.

मांडवापाशी पोचल्यावर मी मोटारीतच लपून बसलो. किसनराव दार उघडून आत आले, माहे दोन्ही हात धरले. डोळे ओले. म्हणे, "चंद्रभानजी, माह्यासमोर या पोरानं कवा आवाज चढवला नाई. शाळेत शिकवते म्हणतात, पण मले वाटे खडूच बोलत असन. आज त्यानं साऱ्या अकोल्याले थांबवलं." असे हसले का काय सांगू. मीबी हसलो, पण तुमच्या दारात यायची हिंमत झाली नाई, म्हणून सकाळी पोरीची गाडी सुटली तसे स्टेशनवरूनच निघालो. चहाचं मनावर घेऊ नका.

आता जे तुमाले माईत नाई ते सांगतो. तुमची बहीण म्हणते, सांगू नका. मी सांगतो.

हळदीच्या दिवशी शालूनं तिच्या आत्याले कोपऱ्यात घेतलं होतं. म्हणे, "आत्या, ते पाहाले आले तवा एक शब्द बोलले नाई. मी नाव इचारलं, तेबी त्यायच्या बाबानंच सांगतलं. बाबाले काई म्हणू नको, त्यायनं लय धावपळ केली. पण जन्म काढायचा हाय. ते मुके तर नसन ना?" तुमची बहीण रातभर त्याच विचारात होती. तुमाले दोघींनीबी सांगतलं नाई, तुमी मांडवाच्या बल्ल्या मोजत होता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पोरीले गाडीत बसवाले ती गेली. तुमी सामान चढवत होता. शालूनं तिचा पदर धरला, हळूच इचारलं, "आत्या, वरातीत खरंच ते ओरडले? का बँडवाल्यायनं उठवलं?"

"साऱ्या वरातीनं आयकलं."

"काय म्हणले?"

"'थांबवा, मी शिजून राहिलो.' आन् उतरल्यावर यायले इचारलं का इंजिन बरं हाय ना."

शालूनं पदर सोडला. गार्डानं शिट्टी देली.

"चांगलं बोलतात मंग," म्हणाली, आन् डब्यात चढून त्याच्या बाजूले जाऊन बसली.

चंद्रभान